गल्ला आटतो तेव्हा

बारामती आणि इंदापूरचा बाजार तीन पगारांवर चालतो. पहिला दुधाचा. तो दर दहा दिवसांनी होतो आणि त्या दिवशी किराणा दुकानात, मेडिकलमध्ये, सरकी-पेंडीच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. दुसरा एमआयडीसीचा, महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला. पियाजिओ, भारत फोर्ज, श्रायबर डायनामिक्स, फेरेरो, टेक्स्टाइल पार्क इथून निघालेला हा पैसा खोलीभाड्यात, खाणावळीत, मोबाइलच्या हप्त्यात आणि पोरांच्या फीमध्ये जिरतो. तिसरा उसाचा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, रेड्याचा नीरा-भीमा यांपैकी कुणी बिल काढलं, की सोनारापासून पाइपवाल्यापर्यंत सगळ्यांना त्याची खबर आधी लागते. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. बाजार मात्र नियमावर नव्हे, बातमीवर चालतो. ‘बिल आलं की देतो’ हे इथल्या व्यवहाराचं ब्रीद आहे.

या तीन पाटांच्या शेवटच्या टोकाला दुकानदार उभा असतो. एक पाट आटला तर बाकीचे दोन त्याला तारतात. पाऊस कमी झाला, ऊस घटला, तरी एमआयडीसीचा पगार चालू असतो. कंपनीत मंदी आली तरी दूध चालू असतं. अचानक आलेलं संकट म्हणजे तिन्ही पाट एकाच दिवशी बंद होणं. नोव्हेंबर २०१६ मध्ये ते एकदा झालं, मार्च २०२० मध्ये पुन्हा.

‘धंद्यावर आकाश कोसळतं तेव्हा छोटा माणूस पैशाचं काय करतो’ असा विषय संपादकांनी दिला, तेव्हा मी बारामतीच्या मार्केट यार्डापासून काटेवाडी, भवानीनगर, निमगाव केतकी, इंदापूर आणि भिगवण असा फिरलो. दुकानाच्या बाकावर बसलो, वह्या पाहिल्या. छोटा धंदा तोट्यानं क्वचित मरतो. तो मरतो रोकड थांबल्यानं. आणि मदत येते तेव्हा ती गरजेप्रमाणे येत नाही, कागदाप्रमाणे येते. या दोन गोष्टी फिरताना पुन्हापुन्हा समोर आल्या.

वहीचं एक पान

निमगाव केतकीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक कृषी सेवा केंद्र आहे. काउंटरच्या काचेखाली कंपन्यांची कॅलेंडरं, मागच्या फळीवर औषधांच्या बाटल्या, दाराशी गोण्यांची थप्पी. बिलं संगणकावर निघतात, पण खरा धंदा लाल कापडी बांधणीच्या लांबट वहीत असतो. मालकांनी २०२० सालची वही काढून माझ्यापुढे ठेवली. पानावर गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव क्वचितच. कुणाच्या नावापुढे वस्ती, कुणाच्या नावापुढे कुणाचा जावई. खाली माल: युरिया, बारा-एकसष्ट, शून्य-बावन्न-चौतीस, डाळिंबाच्या फवारणीची औषधं. डावीकडे तारखा दाट लिहिलेल्या. उजवीकडे जमेचा रकाना मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून पार कोरा. जूनच्या शेवटाला एका ओळीत पाचशे रुपये जमा, पुढे ‘हस्ते मुलगा’.

हे पान तोट्याचं नाही. माल विकला गेला आहे, त्यात नफाही धरलेला आहे आणि बहुतेकांनी पुढे दोन वर्षांत पैसे आणूनही दिले. पण त्या चार महिन्यांत दुकान जवळजवळ बसलं होतं. कसं, ते समजून घेण्यासारखं आहे.

ढोबळ हिशोब करू. महिन्याला ४ लाखांचा माल फिरवणारं दुकान घ्या. डिस्ट्रिब्युटर ३० दिवसांची मुदत देतो, गिऱ्हाईक सरासरी ९० दिवसांनी पैसे देतं. म्हणजे दोन महिन्यांचा, सुमारे ८ लाखांचा खड्डा दुकानदारानं कायम भरून ठेवायचा. यालाच खेळतं भांडवल म्हणतात. आता संकट आलं. गिऱ्हाईक ९० ऐवजी १५० दिवसांवर गेलं आणि डिस्ट्रिब्युटरनं ‘आधी पैसे, मग गाडी’ असं सांगितलं. खड्डा पाच महिन्यांचा, म्हणजे २० लाखांचा झाला. खप तोच, नफा तोच. फक्त तारखा सरकल्या. वरचे १२ लाख त्या माणसानं कुठून आणायचे? या एका प्रश्नाच्या उत्तरात छोट्या व्यापाऱ्याची सगळी धावपळ मावते.

त्याला उधारी बंदही करता येत नाही. शहरातल्या लोकांना हे पटत नाही. पण उभ्या पिकाला औषध नाकारलं तर पीक जातं, पीक गेलं की मागची बाकी जाते. उधारी चालू ठेवणं हीच मागच्या वसुलीची एकमेव हमी असते. त्यामुळे चांगला दुकानदार संकटात नवी उधारी थांबवत नाही, तो ती मोजून देतो: पाच गोण्या मागितल्या तर दोन.

सुप्याचा बुधवार

बारामती तालुक्यातलं सुपे गाव मी मुद्दाम पाहायला गेलो. १२ मे १८७५, बुधवार. त्या दिवशी सुप्याच्या बाजारात आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या, वाण्यांच्या दुकानांवर चालून गेले. धान्य लुटलं, पण त्यांचं खरं लक्ष्य होतं रोखे, वह्या आणि हुकूमनामे. ते हुडकून काढून जाळले. तेव्हाच्या भीमथडी आणि इंदापूर तालुक्यांपासून शिरूर आणि पुढे नगर जिल्ह्यापर्यंत हे लोण गेलं. इतिहासात ते ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदलं आहे. सावकारानं कागद मुकाट्यानं काढून दिले तिथे त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. लोकांना माणूस नको होता, वही हवी होती.

दंग्यांमागची गोष्ट थेट बाजाराची आहे. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे निर्यातदार सावकारांना उचल देत, सावकार शेतकऱ्याला हवं तेवढं कर्ज देत. युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईपासून गावापर्यंत उधारीची दारं एकामागून एक बंद झाली. त्याच सुमाराला इंदापूर तालुक्याची तीस वर्षांची जमाबंदी संपली. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३६ मध्ये जिथे नवी जमाबंदी लागू केली तो हाच तालुका, आणि १८६७ मध्ये वाढीव सारा पहिल्यांदा बसला तोही इथेच. उत्पन्न घटलं, देणं वाढलं, उधार मिळेना.

पाठ्यपुस्तकात या कथेला दोन बाजू असतात, सावकार आणि कुणबी. मला तिसरी बाजू महत्त्वाची वाटते. गावातला लहान वाणी स्वतः पुण्या-मुंबईच्या पेढीचा देणेकरी होता. वरून तगादा आला म्हणून त्यानं खाली तगादा लावला. यातून त्याची पिळवणूक माफ होत नाही. कर्जाच्या मुदतीचा १८५९ चा कायदा आला, रोखा तीनच वर्षं चालेल असं ठरलं, तेव्हा हेच सावकार दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागले. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी केलेला कायदा त्याच्याच गळ्याला लागला. आजही सोसायटीचं कर्ज मार्चअखेर फिरवून घेण्याला आपण ‘नवं-जुनं’ म्हणतो. त्या चालीची मुळं इतकी जुनी आहेत.

दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कर्जापायी अटक बंद झाली, रोख्यामागचा खरा व्यवहार तपासायचा अधिकार न्यायालयाला मिळाला आणि सावकारानं पावती द्यावी, हिशोब द्यावा असं बंधन आलं. देणेकऱ्याच्या हातात त्याच्या हिशोबाचा कागद असावा, ही मागणी याच मातीतून सरकारदरबारी गेली. दीडशे वर्षांनी, ज्याच्या हातात कागद नाही तो मदतीच्या रांगेतून बाहेर पडतो, हे मी याच तालुक्यांत पाहत होतो.

रात्री आठनंतर

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. ऊस हंगामाचे, लग्नसराईचे दिवस तोंडावर होते. दुसऱ्या दिवसापासून बाजारात एक विचित्र गोष्ट घडली: जुनी उधारी परत येऊ लागली. दोन-दोन वर्षं तोंड न दाखवणारी गिऱ्हाइकं हजाराच्या नोटा घेऊन दारात उभी राहिली. नगरपरिषदांकडेही थकलेली घरपट्टी, पाणीपट्टी त्याच नोटांनी भरली गेली. दुकानदारापुढे पेच होता. नोट घ्यावी तर बँकेत भरताना हिशोब द्यायचा, नको म्हणावं तर बुडीत खात्यातलं येणं पुन्हा बुडवायचं. बहुतेकांनी घेतली.

खेड्यांची खरी कोंडी झाली ती १४ नोव्हेंबरला. जिल्हा मध्यवर्ती बँकांनी जुन्या नोटा स्वीकारू नयेत असा आदेश त्या दिवशी रिझर्व्ह बँकेनं काढला. इंदापूरच्या कुठल्याही मोठ्या गावात बँक म्हणजे पुणे जिल्हा मध्यवर्ती बँकेची शाखा आणि तिला लागून सोसायटी. दुधाचे पगार, पीककर्ज सगळं तिथंच. ती खिडकी मिटली आणि पुढचे आठवडे खात्यात पैसे असून हातात नाहीत अशी गत झाली.

त्या काळातला एक बारीक नियम मला फार बोलका वाटतो. बचत खात्यातून आठवड्याला २४ हजार काढता येत, तर किमान तीन महिने वापरात असलेल्या चालू खात्यातून ५० हजार. म्हणजे ज्यानं दुकानाच्या नावानं चालू खातं उघडलं होतं त्याला मजुरी आणि गाडीभाडं कसंबसं भागवता आलं. ज्याचं दुकान घरच्या बचत खात्यावर चाललं होतं, आणि अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत, त्याला धंदा आणि घर दोन्ही २४ हजारांत बसवावं लागलं. दोघांचं दुकान शेजारीशेजारी, खप सारखा. फरक फक्त खात्याच्या प्रकारात.

शटर खाली

२०२० चा घाव आधी कोंबडीवर बसला. चिकन खाल्ल्यानं कोरोना होतो ही अफवा फेब्रुवारीतच मोबाइलवरून फिरली आणि ब्रॉयलरचे भाव पडले. या पट्ट्यात पोल्ट्रीच्या शेड शेतात उभ्या आहेत. पक्षी तयार झाला की त्याला ठेवून भागत नाही, तो दररोज खातो. लोकांनी मिळेल त्या भावानं दिला, काहींनी फुकट वाटला. तेव्हा अजून टाळेबंदी लागलेलीही नव्हती.

२५ मार्चपासून देश बंद झाला. एप्रिलमध्ये रुग्ण सापडल्यावर बारामतीत राजस्थानातल्या भिलवाड्याच्या धर्तीवर कडक बंदी लागली. किराणा आणि औषधं घरपोच, बाकी सगळं बंद. किराणावाला त्यात टिकला, कारण त्याचा माल विकला जात होता. मेले ते हंगामी धंदे. २६ एप्रिलची अक्षय तृतीया गेली, सोबत लग्नसराई गेली. मंगल कार्यालय, मंडप, बँड, फोटोवाला, पत्रिका छापणारा, केटरर, कापडवाला या सगळ्यांची वर्षाची कमाई या दोन महिन्यांत असते. ती पुढे ढकलली जात नाही. जूनमध्ये तुकोबांची पालखीही पायी निघाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या वाटेवर दरवर्षी लाखो माणसं चालतात. चहाच्या टपऱ्या, चपलेचे दुकानदार, खेळणीवाले या तीन-चार दिवसांसाठी माल भरून ठेवतात. २०२१ मध्येही पायी वारी झाली नाही. सलग दोन वर्षं.

एमआयडीसीच्या बाजूला दुसरंच चित्र होतं. कामगार गावाकडे गेले आणि त्यांच्यावर उभ्या असलेल्या खाणावळी, भाड्याच्या खोल्या, केस कापण्याची दुकानं रिकामी झाली. खाणावळ चालवणाऱ्या बायका महिन्याचे पैसे आगाऊ कधीच घेत नाहीत. जेवून झाल्यावर, पगारानंतर घेतात. मार्च महिन्याचं जेवून गेलेल्या माणसाचे पैसे एप्रिलमध्ये यायचे होते.

२७ मार्चला रिझर्व्ह बँकेनं हप्ते तीन महिने न भरण्याची मुभा दिली, पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. ‘हप्ते माफ’ असाच अर्थ गावोगाव घेतला गेला. त्याचा हिशोब आज तरी नीट मांडला पाहिजे. १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ५ लाखांचं कर्ज घ्या. हप्ता सुमारे ११,१२२ रुपये. कर्ज ताजं असताना सहा महिने हप्ता थांबवला तर महिन्याला ५ हजार रुपये व्याज चढत राहतं आणि मुद्दल ५ लाख ३० हजार ७६० होतं. तोच हप्ता ठेवला तर आणखी पाचाहून जास्त हप्ते भरावे लागतात, म्हणजे सुमारे ५७ हजार रुपये. श्वास घ्यायला मिळालेल्या सहा महिन्यांची ती किंमत. व्याज मुद्दलात गेलं. १८६० च्या दशकातल्या नव्या रोख्याचं तंत्र हेच होतं.

पुढे सरकारनं २ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी व्याजावरचं व्याज परत केलं, २०२० च्या दिवाळीच्या आधी. आपल्या उदाहरणात ती रक्कम होते ७६० रुपये.

मी या सवलतीला वाईट म्हणत नाही. ती नसती तर हजारो खाती थकबाकीत गेली असती आणि सिबिल बिघडलं असतं. पण ज्याच्याकडे हप्त्याइतके पैसे होते त्यानंही ‘मिळतंय तर घ्या’ म्हणून हप्ता थांबवला, आणि हा हिशोब त्याला बँकेच्या काउंटरवर कुणी समजावून सांगितला नाही, याचा राग येतो.

सीसी खात्याची अडचण आणखी खोल आहे. कॅश क्रेडिटची मर्यादा १० लाख असली तरी दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून उचल ठरते. मालाची किंमत आणि येणी धरायची, त्यातून देणी आणि मार्जिन वजा करायचं. ९० दिवसांहून जुनी येणी सहसा धरतच नाहीत. संकटात नेमकं काय होतं? येणी जुनी होतात, मोजणीतून बाहेर पडतात आणि पैशांची सर्वांत जास्त गरज असते त्याच महिन्यात उचल घटते. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं यात मार्जिन सैल करायची परवानगी बँकांना दिली होती. पण ती बँकेच्या मर्जीवर होती आणि तसा अर्ज करायचा असतो हे मला भेटलेल्या फार थोड्यांना ठाऊक होतं.

पिग्मी, भिशी आणि शेकडा दहा

मग हे लोक जगले कशावर?

पहिला आधार पिग्मीचा. पतसंस्थेचा एजंट संध्याकाळी दुकानात येतो, शंभर-दोनशे रुपये घेतो, मशीनमधून पावती काढून देतो. वर्षानुवर्षं चाललेल्या या सवयीनं टपरीवाल्याच्याही नावावर तीस-चाळीस हजार जमतात आणि त्यावर लगेच कर्ज मिळतं. एजंट रोज गल्ला पाहत असल्यानं त्याच्याइतकी दुकानाची नाडी बँकेच्या मॅनेजरलाही कळत नाही. मात्र एक गोष्ट ठळक सांगितली पाहिजे. सहकारी बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. नावात ‘सहकारी’ आहे, पाटी बँकेसारखी आहे, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात.

दुसरा आधार भिशी. वीस व्यापारी, महिन्याला पाच हजार, एकाला एक लाख. अडलेला माणूस बोली लावून आधी उचलतो. चांगल्या दिवसांत याच्यासारखं सोपं भांडवल नाही. संकटात मात्र उचलून बसलेले थांबतात आणि अजून न उचललेले, म्हणजे ज्यांनी धीर धरला तेच अडकतात. टाळेबंदीत अनेक भिश्या आपसांत ठरवून गोठवल्या गेल्या. ज्या गटांनी सगळ्यांना बोलावून ‘सहा महिने थांबू, मग त्याच क्रमानं पुढे’ असं ठरवलं ते टिकले. ज्या ठिकाणी प्रत्येकानं आपापलं पाहिलं तिथे शेजारी दुकानदार अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

तिसरा आधार घरातलं सोनं. ऑगस्ट २०२० मध्ये सोन्याचा भाव तोळ्याला ५५ हजारांच्या वर गेला आणि त्याच महिन्यात बँकांना किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत तारणकर्ज द्यायची मुभा मिळाली, एरवी ती ७५ टक्के असे. त्या वर्षी कितीतरी दुकानांची शटरं मंगळसूत्रावर आणि पाटल्यांवर उघडली. पुढच्या मार्चपर्यंत भाव ४५ हजारांच्या आसपास उतरला, तेव्हा फरक भरा नाहीतर लिलाव अशा नोटिसा आल्या. धंद्याच्या कागदावर या भांडवलाची नोंद कुठेच नसते. बायकोचं नाव ना दुकानाच्या परवान्यावर, ना कर्जाच्या अर्जावर. फाइलमध्ये तिचं नाव फक्त जामीनदार म्हणून येतं. या दोन तालुक्यांतले छोटे धंदे टाळेबंदीत सरकारी योजनेपेक्षा बायकांच्या सोन्यानं जास्त वाचले, असं मला भेटलेल्या माणसांवरून ठामपणे वाटतं.

हे तिन्ही संपलं की मग खासगी. त्याचं सर्वांत साधं रूप ‘डेली’: हातात ९ हजार मिळतात, रोज १०० रुपये, १०० दिवस. हजारच तर जास्त द्यायचेत, असं वाटतं. पण मुद्दल रोज कमी होत असतं. वर्षाच्या दरात मांडलं तर हे व्याज ८० टक्क्यांच्या घरात जातं. त्याच्या पुढे शेकडा दहा रुपये महिना, म्हणजे मुद्दल बाजूलाच आणि वर्षाला १२० टक्के. सोबत कोरा सही केलेला चेक. २०१४ च्या सावकारी कायद्यानं परवान्याशिवाय हा धंदा करता येत नाही आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. तक्रारी होतात त्या सहसा जमीन गेल्यावर. दुकानदार अब्रूला भितो. बाजारात ‘त्यानं व्याजानं काढलेत’ असं कळलं की डिस्ट्रिब्युटर उधार बंद करतो.

कागद असलेला आणि नसलेला

मे २०२० मध्ये केंद्रानं ३ लाख कोटींची हमी योजना आणली. २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के जादा कर्ज, तारण नको, हमी सरकारची, बँकेला व्याज सव्वानऊ टक्क्यांपेक्षा जास्त लावता येणार नाही, पहिलं वर्ष मुद्दल भरायचं नाही. एमआयडीसीतल्या सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपना तिचा खरा उपयोग झाला. पण अट नीट वाचा. आधी बँकेचं कर्ज असेल त्यालाच जादा कर्ज. ज्यानं कधी बँकेकडून घेतलंच नाही, पिग्मीवर आणि स्वतःच्या हिमतीवर दुकान चालवलं, त्याचे २० टक्के कशाचे काढणार? शून्याचे.

पथविक्रेत्यांसाठी जूनमध्ये स्वनिधी योजना आली: पहिल्यांदा १० हजार, फेडल्यावर २० हजार, मग ५० हजार, व्याजात ७ टक्के सवलत. बारामती आणि इंदापूर नगरपरिषदांच्या हद्दीतल्या हातगाडीवाल्यांना ती लागू झाली. भिगवणच्या चौकात किंवा निमगाव केतकीच्या स्टँडवर गाडी लावणाऱ्याला नाही, कारण तिथे ग्रामपंचायत आहे. वडे तेच, तेलाचा भाव तोच.

वर्कशॉपवाल्यांना आणखी एक हक्क आहे. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल घेतला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत, नाहीतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असं २००६ चा कायदा सांगतो. २०२३-२४ पासून आयकरातही वचक आला: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. कागदावर भक्कम कायदा. प्रत्यक्षात एका मोठ्या गिऱ्हाइकावर जगणारा लेथवाला त्याच्याविरुद्ध तक्रार करत नाही, पुढची ऑर्डर जाईल म्हणून. आणि व्यापाऱ्याला, म्हणजे कृषी सेवा केंद्रवाल्याला, कापडवाल्याला हे कलम लागूच नाही. त्याची उद्यम नोंदणी होते ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती.

संकटं थांबलेली नाहीत. २०२१-२२ च्या हिवाळ्यात एसटीचा संप महिनोन्महिने चालला आणि स्टँडवरचे रसवंतीवाले, पेपरवाले, वडापाववाले बसून राहिले. त्याला आर्थिक संकट कुणी म्हटलं नाही. २५ मे २०२५ ला बारामती-इंदापूर भागात बेफाम पाऊस झाला, पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला, पाणी घरांत आणि दुकानांत शिरलं. अशा वेळी पहिला प्रश्न विम्याचा. ज्यांचं सीसी खातं आहे त्यांच्या मालाचा विमा बँक सहसा काढून ठेवते, हप्ता खात्यातून कापते आणि पॉलिसी बँकेच्या फाइलमध्ये राहते. मालकाला ते माहीतच नसतं. पासबुकात ‘इन्शुरन्स’ची ओळ शोधा आणि त्या पॉलिसीची प्रत मागून घ्या. पूर त्यात धरला आहे का आणि जुना पत्ता तर राहिलेला नाही ना, एवढं पाहा.

टिकलेल्यांच्या वह्यांमध्ये मला काही गोष्टी सारख्या दिसल्या. त्यांनी घरखर्च गल्ल्यातून उचलण्याऐवजी महिन्याची ठरावीक रक्कम ‘पगार’ म्हणून लिहिली होती. चेक वटणार नाही हे कळल्यावर ते तारखेच्या आधी डिस्ट्रिब्युटरकडे स्वतः गेले, पडून असलेला माल परत देऊ केला आणि मुदत मागून घेतली. चेक परत गेल्यानंतर गेलेल्याला मुदत मिळाली नाही. आणि गिऱ्हाइकाकडून पूर्ण बाकी मागण्यापेक्षा त्यांनी दुधाच्या प्रत्येक पगाराला दोनशे-पाचशे मागितले. ‘हस्ते मुलगा’ असे पाचशे रुपये दर दहा दिवसांनी आले तर वर्षात १८ हजार होतात.

यंदा लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजताना व्यापारी मित्रांनी दुकानाचं खातं घरापासून वेगळं करावं. दुकानाचं नाव चालू खात्यावर असावं, परवान्यावर सोनं देणारीचंही असावं. एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांची थकलेली बिलं सणाआधी काढावीत. आणि वाचकहो, कोपऱ्यावरच्या दुकानातून फराळाचं सामान आणायला जाल तेव्हा मागची बाकी किती आहे ते आधी विचारा आणि ती देऊन मगच नवी यादी पुढे करा.